रिपोर्ट तीन, गाठ एकच

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. मी तासगाव तालुक्यातून लिहितेय, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या दादाच्या (वय २७) उजव्या हातावर, कोपराच्या खाली, नागपंचमीला सुपारीएवढी गाठ लागली हाताला. त्याआधी नव्हती, बेंदराला बैलं रंगवली तेव्हा हात एकदम चांगला होता. गणपती बसले तोवर आवळ्याएवढी झाली. गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चरबीची असेल म्हणून भूल देऊन काढली. पहिला रिपोर्ट आला 'स्पिंडल सेल ट्यूमर, सार्कोमाची शक्यता नाकारता येत नाही, आयएचसी करा'. ती केली तर आलं 'मायोफायब्रोब्लास्टिक, नोड्यूलर फॅसायटिस किंवा लो ग्रेड सार्कोमा, यूएसपी६ फिश करून घ्या'. मामांनी रिपोर्टचा फोटो ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला, ते म्हणाले सार्कोमाच आहे, लगेच ट्रीटमेंट चालू करा. अण्णा म्हणतात 'ह्येंचं काय ठरंना, नुसतं पैसं काढायचं चाललंय', आणि पितृपक्ष संपेपर्यंत काहीच करायचं नाही म्हणतात. चुलते म्हणतात चाकू लागला आता पसरणार. वहिनीला पाचवा महिना आहे, ती रोज रडते, बाळाला पण होईल का म्हणून. ताई तीन रिपोर्ट तीन सांगतात, खरं कोणतं? केमो चालू करायची का? आणि पुढच्या महिन्यात बागेची छाटणी आहे."

अगं, पहिल्यांदा केमोचं सांगते. नाही. आत्ता कुणी कितीही घाई केली तरी केमो नाही, शेक (म्हणजे रेडिएशन) नाही, आणि तीच जागा परत उघडून मोठं ऑपरेशनही नाही. ज्या गाठीचं नाव अजून ठरलेलं नाही तिच्यावर औषध कसलं द्यायचं? तुमच्या हातात जे दोन कागद आहेत ते एकमेकांच्या विरुद्ध काही बोलतच नाहीयेत, मी पत्र तीनदा वाचलं, पहिला म्हणतो एवढ्यावर सांगता येत नाही पुढं बघा, दुसरा म्हणतो बघितलं, आता दोनच नावं उरलीत, एक नोड्यूलर फॅसायटिस, जी कॅन्सर नाही, आणि दुसरं सार्कोमा, म्हणजे मऊ भागाचा कॅन्सर, ती वेगळी करायला अजून एक टेस्ट, फिश, लागेल. हा एकच माणूस पायरी पायरीनं उतरतोय, आणि प्रामाणिकपणे उतरतोय. तिसरा तर रिपोर्टच नाही, मोबाइलवर फोटो बघून दिलेलं मत आहे ते. त्यांनी स्लाइड, म्हणजे गाठीचा काप लावलेली काचपट्टी, बघितलेली नाही. मीही बघितलेली नाही हां, त्यामुळे दादाला काय झालंय हे मी इथून सांगणार नाही, ते नाव कसं ठरतं एवढं सांगते.

गाठ काढली की ती फॉर्मेलिनच्या बाटलीत जाते, म्हणजे जायला पाहिजे. दहा टक्क्याचं फॉर्मेलिन, गाठीच्या साधारण दहापट. मी मिरजेत इतकी वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे गाठीचे काप मायक्रोस्कोपखाली बघून नाव ठरवायचं, हेच काम केलं आणि काय काय बघितलं सांगू, तोंड बारीक असलेल्या बाटलीत कोंबलेली गाठ जी नंतर काच फोडून काढावी लागली, आणि एकदा तर मे महिन्यात आटपाडीहून एसटीनं सलाइनच्या पाण्यात बुडवून आणलेली मांडीची गाठ, नातेवाइकानं पिशवी मांडीवर घट्ट धरून आणली होती बिचाऱ्यानं, उघडली तर वास. पेशी विरघळून गेलेल्या, त्यावर कुठलाच मार्कर (पेशीची जात ओळखायचा रंग) धड लागला नाही आणि पेशंटला परत सुई टोचून घ्यावी लागली. तर बाटलीपासनं सगळं सुरू होतं. मग पाणी काढून मेणात बसवायचं, तो झाला ब्लॉक, बोटाच्या पेराएवढा पांढरा ठोकळा प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेला. तो मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर लावला की तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात, एक मिलिमीटरात असे अडीचशे-तीनशे बसतील इतके पातळ, एकामागे एक चिकटून रिबिनीसारखे येतात, त्या रिबिनी कोमट पाण्यावर सोडायच्या आणि काचपट्टीवर अलगद उचलायच्या. आमच्या टेक्निशियन बाई ते करताना पंखा बंद करायला लावायच्या आणि कुणी बोललेलंही चालायचं नाही, श्वासानं उडतं.

मग रंग. हिमॅटॉक्सिलिन नावाचा, तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातनं निघतो, त्यानं पेशीचं केंद्रक निळंजांभळं होतं आणि इओसिननं बाकीचं गुलाबी. शंभरावर वर्षं झाली, अजून पहिली नजर याच दोन रंगांवर टाकतो आम्ही.

आता तुमच्या पहिल्या रिपोर्टमधला स्पिंडल हा शब्द. स्पिंडल म्हणजे सूत कातायची चाती, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. तशा आकाराच्या पेशी दिसल्या एवढंच त्याचा अर्थ. आणि इथंच सगळी गोची आहे बघ, कारण हाड आणि कातडी सोडून मधे जे मऊ भरलेलंय ना, चरबी स्नायू नसा रक्तवाहिन्या, त्यातल्या बऱ्याच गाठी चातीसारख्याच दिसतात. नसेच्या आवरणाची साधी गाठ तशी दिसते, तिचाच कॅन्सर तसा दिसतो, डेस्मॉइड नावाची एक चिवट गाठ तशी, सायनोव्हियल सार्कोमा तसा (नावावर जाऊ नका, सांध्याच्या आवरणाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त बऱ्याचदा सांध्याजवळ निघतो म्हणून नाव पडलं ते पडलं), आणि नोड्यूलर फॅसायटिस पण तशीच, जी कॅन्सर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या यादीत सॉफ्ट टिश्यू आणि हाडाच्या गाठींची शंभराच्या वर नावं आहेत. जिल्ह्यातल्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टला सुद्धा वर्षाकाठी त्यातले सार्कोमे मोजके दिसतात, कारण मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा साधारण एक टक्का. म्हणून तो 'पुढं बघा' म्हणाला तर त्याला कमी समजू नका, मला उलट 'सार्कोमा' असं एका ओळीत लिहून सही ठोकणाऱ्याची जास्त भीती वाटते.

भीती का वाटते तर मी स्वतः ते केलंय. शिकत होते तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव राहू दे. हाताच्या गाठीची स्लाइड होती, एकोणीस-वीस वर्षाच्या पोराची. स्लाइडमध्ये नुसता पेशींचा गजबजाट, जिकडे बघावं तिकडे एका पेशीच्या दोन होताना दिसतायत, मी मोजल्या आणि छाती दडपली माझी. कच्च्या रिपोर्टवर सार्कोमा लिहिलं आणि सरांकडे नेलं. सरांनी स्लाइडला हात पण लावला नाही, फॉर्म उलटा केला आणि विचारलं, किती दिवसांची गाठ? फॉर्मवर तो रकाना रिकामा. मग म्हणाले जा, वॉर्डात विचारून ये. जिने उतरून गेले, तर पोरगं म्हणालं तीन आठवडे. परत आले तेव्हा सरांनी मायक्रोस्कोपखाली मला दाखवलं की बघ पेशी दुभागतायत खूप पण वेड्यावाकड्या दुभागत नाहीयेत, मधे मधे मोकळी पाणचट जागा आहे, त्यात सांडलेल्या लाल पेशी आहेत, बरणीत वाढवलेल्या पेशींसारखं सैल दिसतंय, आणि तीन आठवड्यात एवढी वाढून अशी शांत केंद्रकं घेऊन बसणारी गाठ म्हणजे नोड्यूलर फॅसायटिस. माझा कागद त्यांनी फाडून टाकला. त्या पोराचा हात माझ्या एका शब्दावर गेला असता, हे मी नंतर रात्री हॉस्टेलवर झोपताना मोजलं.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची ओळ कुठली वाटली माहितेय? नागपंचमीला सुपारी आणि चतुर्थीला आवळा. हे पॅथॉलॉजिस्टला कुणी सांगितलंय का? तू रिपोर्टच्या फोटोत वरचा भाग पण पाठवलायस, तिथं फक्त 'उजवा हात, सूज' एवढंच छापलंय.

हां, एक मात्र. झटपट वाढली म्हणजे साधीच, असा उलटा नियम काढू नका. वाढणारी गाठ कधी कधी खरंच वाईट असते, आणि सायनोव्हियल सार्कोमा तर वर्षानुवर्षं बारीक होऊन बसलेला असू शकतो आणि लोक म्हणतात जुनी आहे काही होत नाही. दिवस हा एक पुरावा, एकटा पुरत नाही.

आता आयएचसी, ज्याला अण्णा पैसे काढायचा धंदा म्हणतायत. त्याच ब्लॉकमधनं अजून काप काढायचे आणि प्रत्येक कापावर एकेक अँटीबॉडी टाकायची, ती आपल्या ओळखीचं प्रोटीन सापडलं तर तिथंच चिकटते आणि मग तिथं तपकिरी रंग येतो, नाही सापडलं तर धुऊन जाते. प्रत्येक मार्करचे वेगळे पैसे लागतात हे खरं, म्हणून शहाणा पॅथॉलॉजिस्ट आधी स्लाइड बघून मोजकेच मार्कर मागवतो. दादाच्या रिपोर्टमध्ये काय आलंय बघू. एसएमए पॉझिटिव्ह, म्हणजे पेशीत आकुंचन पावायचा धागा आहे, जखम भरताना जखमेच्या कडा ओढून आणणाऱ्या पेशी असतात ना त्या जातीच्या, त्यांनाच मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. डेस्मिन निगेटिव्ह, म्हणजे खऱ्या स्नायूची गाठ असायची शक्यता मागे पडली. एस१०० निगेटिव्ह, नसेकडचं नाव मागे पडलं. सीडी३४ निगेटिव्ह, त्यानं कातडीतला एक चिवट सार्कोमा, डीएफएसपी म्हणतात त्याला, तो मागे पडला. केराटिन निगेटिव्ह, सायनोव्हियल मागे सरकला. बीटा कॅटेनिन केंद्रकात नाही, डेस्मॉइड मागे. 'मागे पडला' म्हणतेय, 'मेला' म्हणत नाहीये, कारण एकही मार्कर शंभर टक्के इमानदार नसतो.

आणि निगेटिव्ह वाचताना एक गोष्ट आम्ही न चुकता बघतो, ती पेशंटला कुणी सांगत नाही. त्याच स्लाइडमध्ये रक्तवाहिन्या असतात, त्यांच्या भिंतीला एसएमए लागलाच पाहिजे. भिंत तपकिरी झाली असेल तर रंग चाललाय, मग गाठीचं पॉझिटिव्ह निगेटिव्ह खरं मानायचं. भिंतच कोरी असेल तर रंगच नापास, परत करायचा. एस१०० साठी कापात कुठं बारीक नस किंवा चरबी आहे का ते शोधायचं, तीही तपकिरी पाहिजे. घरच्या घरीच साक्षीदार असतो, तो विचारात न घेता वाचलेली आयएचसी म्हणजे काटा न तपासता केलेलं वजन.

की-६७ पंचवीस टक्के आलंय आणि वहिनीनं गूगल करून ते पंचवीस टक्के कॅन्सर असं वाचलंय. तसं नाही गं. त्या क्षणी शंभरातल्या पंचवीस पेशी दुभागायच्या तयारीत होत्या एवढंच. महिन्यात सुपारीचा आवळा झाला तर पेशी दुभागणारच की, वाळकी गाठ एवढी वाढेल का? नोड्यूलर फॅसायटिसमध्ये हा आकडा वर असतो, त्यावरनं घाबरायचं कारण नाही आणि त्यावरनं निवांत व्हायचंही नाही, या प्रश्नात तो आकडा फारसा कामाचाच नाही.

मग उरलं फिश, आणि खरी मजा इथं आहे.

नोड्यूलर फॅसायटिसचं पहिलं वर्णन १९५५ सालचं, आणि तेव्हा त्याला जे लांबलचक नाव दिलं होतं त्यातच 'सार्कोमासारखं दिसणारं' हा अर्थ होता. म्हणजे पहिल्या दिवसापासनं सगळ्यांना फसवत आलीय ती. किती वर्षं लोक समजत होते की मार लागून वगैरे शरीरानं केलेली चुकीची मलमपट्टी आहे ही, खरी गाठ नव्हेच. मग २०११ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लोकांनी बघितलं तर यातल्या बहुतेक गाठींमध्ये यूएसपी६ नावाचा जीन तुटून भलतीकडे जोडलेला. हा यूएसपी६ सतराव्या गुणसूत्रावर असतो आणि एरवी गप्प असतो. बाविसाव्यावर एमवायएच९ नावाचा दुसरा एक आहे, तो कायम चालू. तुम्हाला बागायतदारांना हे लगेच कळेल, शेतीच्या लाइनला वीज ठरलेल्या वेळेलाच आणि गावठाणाच्या लाइनला दिवसरात्र, कुणी रात्री आकडा टाकून विहिरीवरची मोटर गावठाणाच्या लाइनला जोडली तर मोटर थांबायचं नावच घेत नाही. तेच झालंय पेशीत. पण या गाठीचं नवल असं की ही मोटर काही आठवडे-महिने फुल चालते आणि मग आपोआप बसते. न काढता ठेवलेल्या गाठीसुद्धा विरून गेलेल्या आहेत, आणि काढलेली सहसा परत येत नाही.

फिशमध्ये त्या जीनच्या अलीकडे एक लाल आणि पलीकडे एक हिरवा ठिपका चिकटवतात. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोप, केंद्रकं निळी चमकतात आणि त्यात हे ठिपके. जीन अखंड असेल तर लाल-हिरवा चिकटून पिवळट दिसतो, तुटला असेल तर लाल एकीकडे हिरवा एकीकडे. पन्नास-शंभर केंद्रकं अशी एकेक करून मोजायची. मान आखडते, डोळ्यातनं पाणी येतं, आणि मोजून झाल्यावर माणसाला भिंतीवर पण ठिपके दिसतात.

आता तुटलेला दिसला तर, आणि स्लाइड पण तसंच सांगत असेल तर, प्रश्न मिटला. नाही दिसला तर लगेच सार्कोमा असं अजिबात नाही, काही थोड्या गाठींत तो सापडत नाही, मग एनजीएस नावाची मोठी टेस्ट असते ज्यात बरेच जीन एकदम बघतात, किंवा रोज सार्कोमाच बघणाऱ्या माणसाची नजर. आणि जीन एकटाही राजा नाही हां. यूएसपी६ हाडातल्या एका रक्ताळ पोकळीत पण तुटलेला असतो. ईडब्ल्यूएसआर१ नावाचा दुसरा प्रसिद्ध जीन आहे, तो यूइंग सार्कोमा नावाच्या कॅन्सरात तुटतो, पण तोच अजून बऱ्याच वेगळ्या गाठींत तुटतो ज्यातल्या एकदोन बऱ्यापैकी निरुपद्रवी आहेत. नुसता जीनचा कागद वाचून ट्रीटमेंट ठरवणं म्हणजे आडनावावरनं माणूस ओळखणं, आपल्याकडे एका गावात पाटील किती असतात.

वहिनीला हे वाचून दाखव. तुमच्याच तालुक्याच्या नावाचा तास-ए-गणेश द्राक्षाचा वाण आहे ना, तो थॉमसनमधूनच वेगळा काढलेला. वेलीच्या एखाद्या फांदीत काहीतरी बदलतं, तेवढ्याच फांदीचे घड वेगळे येतात, बाकीची बाग होती तशीच. दादाच्या हातातल्या पेशीत जीन तुटला असेल तर तो तिथंच, त्या गाठीत. रक्तात नाही, बीजात नाही, बाळाकडे जायचा प्रश्न येत नाही. काही घराण्यांत पिढीजात सार्कोमाचा धोका असतो, नाही असं नाही, पण तिथं घरात तरुण वयातल्या वेगवेगळ्या कॅन्सरची रांग असते, तुमच्या घरात तसलं काही तू लिहिलेलं नाहीस.

अण्णांचं. त्यांचा संशय हवेतनं आलेला नाही, कमिशन खाणारे आहेत, आपल्या भागात पण आहेत, मी नाही म्हणाले तर खोटी पडेन. पण ओळखायची साधी खूण सांगते. टेस्ट सांगताना 'अमक्याच लॅबमध्ये करा' असा आग्रह आहे का? तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त टेस्टचं नाव आहे, कुठं करायची ते तुमच्यावर सोडलंय. मग चार ठिकाणी फोन करून दर विचारा. फिशला काही हजार जातील, ते मोठे आहेत मला कळतंय, पण समोर दुसऱ्या पारड्यात काय आहे ते अण्णांपुढे मांड, सार्कोमा समजून हाताचं मोठं ऑपरेशन, शेक, सहा महिन्यांची केमो आणि ती सुद्धा कदाचित आपोआप जाणाऱ्या गाठीसाठी. आणि पितृपक्षाचं म्हणशील तर पार्सल पाठवायला मुहूर्त लागत नाही, सही वगैरे काही शुभकार्य नाही ते, आज-उद्या पाठवलेल्या ब्लॉकचा रिपोर्ट सर्वपित्री झाल्यावर येईल, अण्णांचाही मान राहील.

चाकू लागल्यानं पसरतं हे चुलत्यांचं म्हणणं मी रोज ऐकत आले. चाकूनं साधी गाठ कॅन्सर होत नाही. मात्र खरा सार्कोमा नीट न ठरवता अर्धवट काढला तर पुढचं ऑपरेशन मोठं करावं लागतं, म्हणून पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा खोल स्नायूच्या पडद्याखालची, किंवा वाढत चाललेली, किंवा काढून परत आलेली गाठ असेल तर आधी एमआरआय आणि जाड सुईची बायोप्सी, मग चाकू. दादाची वाढत होती खरी, पण वरची होती आणि अडीच सेंटिमीटरची, तुमच्या सर्जननं काढली त्यात मी मोठा गुन्हा बघत नाही. काढलेली गाठ कचऱ्यात न टाकता तपासायला पाठवली हेच पुष्कळ. हो, चरबीची म्हणून काढलेल्या आणि बादलीत गेलेल्या गाठी मला माहितीयेत, ज्या सहा महिन्यांनी परत आल्या आणि मग पहिली काय होती ते सांगायला काहीच उरलेलं नव्हतं.

(हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मधेच, ज्यांच्या घरी साठीपुढच्या कुणाच्या मांडीत खोल, मोठी, वर्षानुवर्षांची 'चरबीची गाठ' आहे त्यांनी ती काढल्यावर एमडीएम२ नावाचा जीन बघितला का एवढं विचारा. चरबीचा एक हळू वाढणारा कॅन्सर साध्या चरबीसारखाच दिसतो आणि या जीनच्या ढीगभर कॉप्या निघाल्या की पकडला जातो. कातडीखालच्या लिंबाएवढ्या मऊ गोळ्यांना हे लागू नाही, त्यांना उगाच टेस्टा लावू नका.)

आता तू करायचं काय ते. सगळ्यात आधी लॅबमध्ये जा आणि अर्ज लिहून ब्लॉक आणि स्लाइडी माग. सगळ्या स्लाइडी, एचअँडई (ते निळे-गुलाबी दोन रंग) आणि आयएचसीच्या दोन्ही. अर्जावर पेशंटचं नाव, लॅब नंबर, सही, आणि किती ब्लॉक किती स्लाइडी मिळाल्या ते लिहून पोच घे. मामांना रिपोर्टचे फोटो फिरवायचे तेवढे फिरवू देत, पण खरा माल ब्लॉक आहे, कागद हरवला तर परत छापून मिळतो, ब्लॉक हरवला तर दादाची ती गाठ जगात दुसरीकडे कुठंच नाही. त्यात पुरेसं मटेरियल उरलंय का तेही तिथल्या पॅथॉलॉजिस्टला भेटून विचार, भेटतात, घाबरू नकोस, आमच्याकडे पेशंटचं माणूस येतच नाही म्हणून आम्हाला उलट बरं वाटतं. ब्लॉक बर्फात ठेवायचा नाही आणि गाडीच्या काचेपुढं उन्हात पण ठेवायचा नाही, मेण आहे ते. झिपच्या पिशवीत घालून जेवणाच्या डब्यासारख्या टणक डब्यात. स्लाइडीला प्लॅस्टिकचा खाचांचा डबा मिळतो, नाहीतर लॅबच देते.

मुंबईला टाटाला दाखवायचं ठरलं तर सांगलीहून रात्री महालक्ष्मी आहे, दादरला उतरा, परळ तिथनं जवळ. तिथं बाहेरचे ब्लॉक-स्लाइडी परत तपासून मगच पुढं जातात आणि ते बरोबरच आहे. वेळ लागतो, दोनतीन चकरा होतील, पहिल्या फेरीत दादाला थकवू नका, कार्ड काढायला त्याला लागेल पण स्लाइडीच्या मागे फिरायला तू नाहीतर मामा पुरे. महात्मा फुले योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या कुठली गोष्ट बसते कुठली नाही, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू दे.

आणि समजा शेवटी सार्कोमाच निघाला तर? मग रिपोर्टमध्ये नुसतं नाव नको, ग्रेड पण लागेल. ती तीन गोष्टींवर ठरते, पेशी मूळच्या पेशींसारख्या कितपत दिसतात, मायक्रोस्कोपच्या दहा मोठ्या फील्डमध्ये किती दुभागतायत, आणि गाठीचा किती भाग मेलेला आहे, प्रत्येकाला मार्क देऊन बेरीज करतात. शिवाय काढलेल्या तुकड्याच्या कडा गाठीपासून मोकळ्या आहेत का. हे सगळं लिहून आल्यावर सर्जन, शेक देणारे आणि केमोवाले एकत्र बसून ठरवतात, आणि लहान, वरवरच्या, लो ग्रेड गाठीला बऱ्याचदा नीट रुंद काढणं एवढंच पुरतं. म्हणजे त्या वाईट बाजूला सुद्धा मामांचे डॉक्टर म्हणतात तशी उद्या सकाळची केमो नाहीये.

तोवर जखमेवर झाडपाल्याचा लेप नको, मालीश नको, गरम फडक्यानं शेकवून घेणं नको. त्या जागी परत फुगवटा हाताला लागला तर वाट न बघता सर्जनकडे जा, आणि तारीख लिहून ठेव.

छाटणीचं म्हणशील तर टाके निघून जखम भरली असेल आणि सर्जन हो म्हणाले तर दादाला बागेत जाऊ दे, कात्री धरल्यानं गाठ परत येत नाही. पण पहिले काही दिवस दिवसभर कात्री चालवू नको म्हणावं, मजूर लावा, त्यानं नुसतं काडी बघत फिरावं, तसाही मालक माणूस बागेत तेवढंच करतो. फवारणीनं झालं का असं पण विचारलंयस, तर महिन्याभरात उगवलेल्या या एका गाठीचं खापर फवाऱ्यावर फोडायला काही आधार नाही, मास्क आणि हातमोजे मात्र घालायला लाव, ते वेगळ्या कारणांसाठी.

आणि फिशसाठी ब्लॉक देशील तेव्हा जो फॉर्म हातात येईल ना, त्यात 'किती दिवसांपासून' असा रकाना असेल, तो कंपाउंडरला भरू देऊ नकोस. स्वतः लिही. 'बरेच दिवस' नको, 'महिनाभर' पण नको. नागपंचमीची तारीख, चतुर्थीची तारीख, आणि दोन्ही वेळचा आकार, पाहिजे तर सुपारी-आवळा असंच लिही, वाचणाऱ्याला कळतं.